मिनलच्या दोऱ्याची नववी गाठ

चिखली
रविवार, दुपार (भांडी तशीच पडलीत)

आदरणीय केसरआक्का,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे कौशल्याचा, तुम्हाला आणि घरातल्या लहानथोरांना जय भीम. पाकीट बघून घाबरू नका, इकडे कुणी गेलेलं नाही. सगळे जागेवर आहेत, जेवतात, भांडतात. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, का नुसतीच येणाऱ्याजाणाऱ्याला सूज दाखवता? म्हैस व्याली का? रेडा झाला असेल तर मला कळवू नका (मागच्या वेळी दोन दिवस जेवला नव्हतात आणि खापर माझ्या पायगुणावर फोडलं होतंत). आता तुम्ही म्हणाल, घरात तीन फोन असून हिला पत्र कशाला सुचलं. तर आक्का, एप्रिलपासून मी तुम्हाला एकेचाळीस वेळा फोन लावला. तुम्ही उचलला नाहीत. दिव्याने मला सांगितलंय की माझं नाव दिसलं की आजी फोन पालथा घालते आणि वर उशी ठेवते. पत्राचं तसं नाही. ते पालथं घातलं तरी मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

(दिव्या, आजीला हे तूच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. एकही ओळ गाळायची नाही, कंसातलं पण वाचायचं. आजी मध्येच उठून गोठ्यात गेली तर मागे मागे जाऊन वाच.)

आणि एक आधीच सांगून टाकते, मागाहून घोळ नको. तुम्हाला बोलवायला हे पत्र लिहिलेलं नाही. माफी मागायला पण नाही. आभार मानायला लिहिलंय. आभार मानायची मला सवय नाही, म्हणून जरा लांबेल.

चौदा एप्रिलला काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तिकडे तुम्ही ते आपल्या सोयीने सांगितलं असणार. म्हणून माझ्या बाजूने सांगते, दिव्यालाही कळू दे. आपल्या घरात प्रत्येक लेकराच्या नावाचा एक काळा दोरा असतो. जयंतीला आत्याने यायचं, लेकराला भिंतीला टेकवून उभं करायचं, टाचेपासून टाळूपर्यंत दोरा धरायचा आणि टाळूपाशी गाठ मारायची. मिनलच्या दोऱ्याला आठ गाठी होत्या. यंदा नववी मारायची होती. तुम्ही दोरा धरलात आणि तुमचा अंगठा जाऊन बसला तो आठव्या गाठीवर. तुम्ही परत धरलात. परत तिथेच. बाहेर मिरवणुकीचा डीजे वाजत होता, घरात अकरा माणसं खीर खात होती, आणि तुम्ही डीजेच्या वर आवाज काढून म्हणालात, "कौशल्या, पोरगी खिळ्यासारखी ठोकून बसवलीस का गं? वर्षात तसूभर वाढली नाही. चहा-बिस्किटावर लेकरू वाढत असतं व्हय?"

मी काय म्हणाले ते मला आठवतंय. आधी म्हणाले, दोरा ताणलाय. मग म्हणाले, तुमची नजर गेलीय. मग म्हणाले, ज्यांच्या पोराने दहावीचं तोंड पाहिलं नाही त्यांनी दुसऱ्याच्या पोरीची उंची मोजू नये. (हे बोलायला नको होतं, आणि ते खरं पण नाही. दिव्याच्या बापाने दहावीचं तोंड पाहिलं होतं, दोनदा.) मग तुमच्या हातातून दोरा ओढून घेतला आणि तुमच्या डोळ्यांदेखत ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली आणि डबा रिकामा करून गेली, विषय संपला. तुम्ही चहा न घेता पिशवी उचललीत. तुमचा भाऊ वल्लभनगरच्या एसटी स्टँडपर्यंत तुमच्या मागे मागे आला, तुम्ही त्याच्याशी पण बोलला नाहीत. घरी परत आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. मी कुणाशी बोलायचं राहिलं होतं, तर भांड्यांशी बोलले. दोन कप फुटले.

आता खरं सांगते. मला माहीत होतं. आईला माहीत नसतं होय? दुसरीतला गणवेश तिसरीत बसला तेव्हा मी शेजारच्या सुमनताईला सांगत होते, कापड चांगलं आहे हो, आटत नाही. शाळेच्या रांगेत मिनल तिसरीतली असून दुसरीच्या मुलींच्या पुढे उभी. पोरं तिला पावशेर म्हणतात. तिने मला एकदा विचारलं, आई, पावशेर म्हणजे किती? मी म्हटलं, पुष्कळ. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं लेकरू, आक्का. बघायचं नाही म्हणून मी बघत नव्हते. तुम्ही बघितलंत, आणि वर बोललात. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमच्या तोंडाची भीती वाटली नाही, ते खरं बोलतंय याची वाटली.

म्हणून चौथ्या दिवशी शिफ्ट बुडवली आणि मिनलला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, दिपाली मॅडम. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, आवाज मात्र सासूचा. त्यांनी मिनलला मापाच्या फळीला उभं केलं. एकशे चौदा सेंटिमीटर. त्यांच्याकडे एक कागद असतो, त्यावर बांधासारख्या वाकड्या रेघा असतात, कुठल्या वयाला किती उंची हवी त्याच्या. मिनलचा ठिपका सगळ्यात खालच्या बांधाच्याही खाली पडला, म्हणजे दुसऱ्याच्या रानात. मग रक्त घेतलं, हाताचा एक्स-रे काढला, थायरॉईड का काय ते पाहिलं, आणि आठवड्याने परत बोलावलं. तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. तुम्हाला त्या आठवड्यात मी अकरा वेळा फोन केला होता. उशी.

आठवड्याने गेलो तर मॅडम म्हणाल्या, बाकी सगळं ठीक आहे, मोठा आजार काही नाही, मुलीच्या शरीरात झिंक कमी आहे. जस्त. हाडं वाढायला ते लागतं. आक्का, मला आधी हसू फुटलं आणि मग डोळ्यांत पाणी. चाकणच्या कंपनीत मी सतरा वर्षं काय करते? नट-बोल्टवर जस्त चढवते. उघडा बोल्ट आठ दिवसांत गंजतो म्हणून त्याला जस्ताच्या टाकीत बुडवतात, चकाचक होऊन बाहेर येतो, आणि कुठे कमी-जास्त चढलंय ते मी पाहते. जगातल्या कुठल्या कुठल्या गाड्यांना माझ्या हातून गेलेलं जस्त लागलंय. आणि माझ्याच पोरीला कमी! मॅडम पुढे काय काय सांगत होत्या, गोळ्या लिहून देत होत्या, खाण्यापिण्याचा कागद देत होत्या. मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच, की अहो मॅडम, बाकी कशाचंही कमी सांगा, पण जस्त म्हणजे आमच्या घरचं आहे.

गोळ्या मी कपाटावर ठेवल्या. (बोलू नका. पुढे ऐका.) दुसऱ्या दिवशी आमच्या शेखर सुपरवायझरला विचारलं, टाकीत ते जस्ताचे गोळे टाकता त्यातला एक मिळेल का, लोणच्याच्या बरणीत ठेवायचाय. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच टाकीत पडलेय. म्हणाला, "काकू, ते खायचं जस्त नाही, आणि टाकीच्या आसपास खाण्याचं नाव पण काढू नका. डॉक्टरांनी दिलंय ते द्या ना पोरीला." आता मला सांगा, चाळिशी न ओलांडलेल्या माणसाचं मी काय म्हणून ऐकायचं? मी माझं डोकं चालवलं. मागे अंगणवाडीताईंनी सांगितलं होतं, लोखंडी कढईत भाजी करा, लोखंड पोटात जातं, रक्त वाढतं. मी केली होती, वाढलं होतं. मग जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत काही केलं तर जस्त पोटात जाणार, हाड वाढणार. सरळ हिशोब आहे. तुम्ही तरी त्यात काय खोट काढली असती? पिंपरीच्या बाजारातून पत्र्याची नवी कोरी बादली आणली, जस्ताचा फुलोरा दिसत होता तिच्यावर. मी कामातली बाई, मुलामा नीट तपासून घेतला.

नेमकी बुद्धपौर्णिमा तोंडावर होती. आमच्या वस्तीच्या विहारात सरबताची जबाबदारी मी मागून घेतली. माझ्या मनात चांगलंच होतं, की एकट्या मिनलला कशाला, वस्तीतली सगळीच लेकरं वाढू देत. आदल्या दिवशी दुपारीच चाळीस लिंबं पिळली, साखर-मीठ घातलं, बादली काठोकाठ भरून झाकून ठेवली. लोणचं मुरतं तसं जस्त मुरू दे म्हणून. मिनलला पहिला ग्लास दिला तर तिने नुसता वास घेतला आणि म्हणाली, आई, याला तुझ्या कंपनीच्या ड्रेसचा वास येतोय. नाक उडवून ग्लास बापाला दिला आणि पळाली. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं केलं तिने थेंब चाखला नाही, आणि बाकी सतरा जणांनी चाखला. भन्तेजींना मी मानाने ग्लास दिला. त्यांनी तो शेजारी बसलेल्या दौलतरावांना दिला, म्हातारे आहेत, उन्हातून आलेत म्हणून. दौलतराव कंपनीतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, फुकटचं काही मिळालं की माणूस नाही म्हणत नाही. दोन ग्लास घेतले, वर मला म्हणाले, "कौशल्याबाई, चवीला लोखंडी खिळा चोखल्यासारखं लागतंय, पण गार आहे हो." मी म्हटलं, लोखंडी नाही, जस्ताचा आहे, प्या.

वंदना संपायच्या आत दौलतराव उठले. मग त्यांच्या मागून त्यांची सून. मग एकेक रांगच लागली, नळावर, गटारावर, पिंपळाच्या आळ्यात. मी मधोमध बादली धरून उभी. कुणी म्हणालं साखर खराब, कुणी म्हणालं लिंबू, कुणी म्हणालं उन्हाची झळ. तुमच्या भावाचं तर वेगळंच. दोन ग्लास पिऊन तो भाड्यावर गाडी घेऊन वाकडला गेला होता, तिथून माणच्या आयटी कंपनीतला एक साहेब गाडीत बसला. हिंजवडीच्या पुलाखाली तुमच्या भावाने गाडी बाजूला घेतली आणि दार उघडून जे सुरू केलं ते थांबेना. साहेब बिचारा चांगला, त्याने पाणी दिलं, पाठ चोळली, डोकं धरलं, दुसरी गाडी बोलावली. आणि मग त्या गाडीत बसून तुमच्या भावाला फोनवर पाचातला एकच तारा दिला. तुमचा भाऊ अजून म्हणतो, पाठ चोळताना दिसलेला माणूस आणि तारा देणारा माणूस एकच होता यावर माझा विश्वास बसत नाही. संध्याकाळपर्यंत सगळे धडधाकट झाले, कुणाला सलाईन लागलं नाही, हे बरं झालं. नाहीतर तुम्हाला पत्र तुरुंगातून आलं असतं.

दोन लेकरांना घेऊन मी त्याच दवाखान्यात पळाले, तर समोर दिपाली मॅडम. कशात केलं होतं सरबत, म्हणाल्या. मी सांगितलं, आणि का केलं ते पण सांगितलं, जरा अभिमानानेच. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "बसा." आक्का, आयुष्यात मला दोनच बायांनी असं बसा म्हणून झापलंय. दुसऱ्या तुम्ही. म्हणाल्या, लिंबू आंबट, ते बादलीचा मुलामाच खाऊन टाकतं. मुलीला दिवसाला लागतं मोजून सात-आठ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीतही मावून उरेल एवढं. तुम्ही एकेका ग्लासात महिन्या-महिन्याचं जस्त पाजलंत. कमी पडलं तर वाढ खुंटते, जास्त झालं तर पोट उलटतं, आणि रोज जास्त गेलं तर अंगातलं तांबं कमी होतं. मी म्हटलं, हे आधी सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, सांगितलं होतं, तुम्ही हसत होतात.

मग त्यांनी मिनलच्या हाताचा तो एक्स-रे उजेडाला लावला. हे मात्र तुम्ही नीट ऐका, कारण मी पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बोटांच्या हाडांच्या टोकाशी एक बारीक काळी फट दिसत होती. आमच्याकडे तपासणीत बोल्टला एवढी फट दिसली की माल बाद, लाल डब्यात. मी म्हटलं, मॅडम, हाड तुटलंय का? त्या म्हणाल्या, तुटलं नाही, ही फटच तर आपली आशा आहे. तिथे कच्चं हाड असतं, मऊ, कानाच्या वरच्या कडेसारखं, मटणातलं आपण कुरकुर चावतो तसलं. लेकरू वाढतं ते तिथे वाढतं. कच्च्या हाडाचे कण एकावर एक रचले जातात, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि मागून मागून ते पक्कं होत जातं. वयात येऊन वाढ पुरी झाली की फट बुजते, मग काहीही खा, वाढायचं नाही. हिची फट उघडी आहे. जागा आहे, वेळ आहे. आणि त्यात जस्त काय करतं म्हणाल, तर मॅडमना मी विचारलं, म्हणजे त्याचं हाड बनतं का? नाही म्हणाल्या. माल वेगळा, तो दूध-नाचणीतून येतो, डाळ-अंड्यातून येतो. जस्त म्हणजे तो माल जोडणाऱ्या हातांना कामाला लावणारं. मी म्हटलं, सुपरवायझर! गोडाऊन मालाने भरलेलं असू दे, सुपरवायझर आला नाही की लाईन बंद. मॅडम म्हणाल्या, बरोबर, अगदी तसंच. (हे मी शेखरला सांगितलं तर तो दिवसभर छाती काढून फिरला.)

त्या फटीकडे बघून मी रडले, आक्का. सतरा वर्षं फटी शोधून माल बाद करणारी बाई, आणि फट दिसली म्हणून रडतेय. तुमचा भाऊ हिंजवडीहून तिथेच येऊन बाहेर पोट धरून बसला होता, त्याला वाटलं काहीतरी वाईट सांगितलं. तो पण रडला. मग आम्ही दोघं बोलायला लागलो.

आता मिनलला जस्त कमी का पडलं, ते ऐका आणि लगेच खूष होऊ नका. मॅडमनी विचारलं, पोरगी खाते काय? सकाळी चहा-बिस्किट, डब्यात साखर-चपाती नाहीतर त्या पाकिटातल्या शेवया, रात्री चहा-चपाती. अंडं ती दीड वर्षापासून खात नव्हती, शाळेतल्या कुणीतरी वास येतो म्हटलं म्हणून. पहिल्या शिफ्टला मी पहाटे निघते, बिस्किटाचा पुडा हाताशी असतो, मी तरी काय करू? त्यात मागचं अख्खं वर्ष तिचं पोट सारखं बिघडायचं, त्यातूनही जस्त वाहून जातं म्हणे. आणि धान्याच्या सालात असं काहीतरी असतं की ते जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. पीठ आंबवलं, कडधान्याला मोड आणले की ती पकड सुटते. म्हणून मॅडम म्हणाल्या, मोडाची मटकी द्या, हरभरे भिजवून द्या, तीळ-जवसाची चटणी द्या, ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करा, अंडं, मटण, कलेजी जमेल तसं द्या, आणि जेवणाबरोबर चहा बंद. मी म्हटलं, हे सगळं आमच्या नणंदबाई आठ वर्षं बोंबलून सांगतायत. मॅडम म्हणाल्या, "मग नणंदबाईंचं ऐकायचं ना. पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या." मला तेव्हा बादलीतलं सरबत प्यायल्यासारखं झालं.

आणि आता तुम्ही खाटेवर नीट बसा, कारण हे मला आज सांगायचंच आहे. दर दिवाळीला तुम्ही तिळाची आणि जवसाची चटणी बरणी भरून पाठवायचात, सोबत ज्वारीचं पीठ. ते मी आठ वर्षं सुमनताईला देऊन टाकायचे. मिनलला तिखट लागतं, आंबीलला वास येतो, मला वेळ नाही, अशी कारणं होती. सुमनताईची दोन्ही पोरं आता आमच्या दारातून वाकून आत येतात. मॅडमचं ऐकून घरी आले, ती दोघं जिन्यात उभी दिसली, आणि मी खालपासून वरपर्यंत त्यांना बघत राहिले. ते सगळं माझ्या पोरीचं होतं, आक्का. तुम्ही पाठवलेलं, माझ्या हातून गेलेलं. (मॅडम म्हणतात तसं नसतं, त्यांचा बाप सहा फुटी आहे, आणि ज्याला पुरेसं आहे त्याला दुप्पट देऊन तो दुप्पट वाढत नाही, कमी असेल त्याचं भरून काढलं तरच थांबलेली वाढ सुरू होते. पण मॅडमनी ती पोरं पाहिलेली नाहीत.)

मग कपाटावरच्या गोळ्या खाली काढल्या. मॅडमनी सांगितलं तेवढ्याच, तीन महिने दिल्या, एक जास्त नाही, एक कमी नाही. पहाटे निघण्याआधी आंबील करायला लागले. पहिल्या दिवशी ती अशी झाली की तुमच्या भावाने विचारलं, भिंतीच्या भेगा बुजवायच्यात का? आता जमते, तुमच्यासारखी नाही, पण पोरगी वाटी चाटते. मटकीला मोड आणते, ओल्या फडक्यात बांधून घरातल्या पाण्याच्या टाकीजवळ टांगते. अंडं सुरू झालं. कलेजी मात्र ती ओळखते, कितीही बारीक करा. मी खिम्यात घातली तर तिने ताटात दोन ढीग केले, एक खिमा, एक कलेजी. तपासणीला माझ्या जागेवर हिलाच बसवायला पाहिजे.

आणि वाढली. आक्का, वाढली! गुरुवारी फळीला उभी केली तर एकशे एकोणीस आणि वर अर्धा. साडेपाच सेंटिमीटर, आठ महिन्यांत. मॅडमनी ठिपका दिला तो सगळ्यात खालच्या बांधावर चढलाय, आपल्या रानात आला. अजून बाकीच्यांपेक्षा लहानच आहे, पुढे किती वाढेल ते आई-बापाच्या उंचीवर पण आहे, आणि आम्ही दोघं काही खांब नाही. पण लाईन सुरू झाली. गणवेशाची खालची पट्टी उसवून सोडावी लागली. उसवताना सुमनताई म्हणाली, "काय गं, कापड आटलं वाटतं?" मी म्हटलं, हो, एकदम भिकार कापड निघालं.

तर हे आभार. तुम्ही अकरा माणसांसमोर बोलला नसतात तर मी अजून कापडाचं कौतुक करत बसले असते आणि ती फट एक दिवस बुजून गेली असती. तोंड वाईट आहे तुमचं. पण त्या तोंडामुळे माझं लेकरू वाढलं. हे मी पत्रात लिहिलंय, म्हणजे आता नाही म्हणता येणार नाही. पत्र पेटीत घालून ठेवा, भांडण झालं की काढा.

मिनल चौथीत आहे, म्हणजे शिक्षणात माझ्या बरोबरीला आली. पुढच्या वर्षी पुढे जाईल, आणि उंचीतही एक दिवस जाईल. दिव्याच्या आई-बापाला जय भीम सांगा. थंडी आहे, गुडघा शेकत जा. बाकी सगळं ठीक.

तुमची भावजय,
कौशल्या

ता. क. तिळाची आणि जवसाची चटणी यंदा आली नाही. भांडण माझ्याशी आहे, मिनलशी नाही. सुमनताईला चमचाभर पण देणार नाही, शब्द देते. ती रोज विचारते.

दुसरा ता. क. दौलतराव अजून मी दिसले की रस्ता ओलांडून येतात आणि विचारतात, "काय कौशल्याबाई, आज काय पाजताय?" त्या बादलीत आता मी कोथिंबीर लावलीय. तीही वाढत नाही.

तिसरा ता. क. (दिव्या, हा मोठ्याने वाचू नकोस. आजीच्या जवळ बस आणि हळू वाच.) आक्का, दोरा घंटागाडीत गेला नाही. तुम्ही जिना उतरलात आणि मी कोपरापर्यंत हात घालून तो डब्यातून काढला, धुतला, वाळवला. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवलाय. दर रविवारी तुमचा भाऊ नसताना मिनलला भिंतीला उभी करते आणि धरते. मे महिन्यात आठवी गाठ टाळूवर होती. आता ती तिच्या कपाळाच्या केसांपाशी येते, टाळूपर्यंत वर तीन बोटं दोरा मोकळा उरतो. मिनल म्हणते, आई, मार ना गाठ. मी म्हटलं, गाठ आत्याने मारायची असते, मला येत नाही. ती म्हणाली, मग आत्याला बोलव. मी म्हटलं, फोन उचलत नाही ती. ती म्हणाली, मग पत्र लिही.

जयंतीला अजून चार महिने आहेत. तोवर पोरगी थांबणार नाही, आणि मी पण नाही. शनिवारच्या एसटीने या, तुमचा भाऊ वल्लभनगरला गाडी घेऊन उभा राहील. चहा प्यायल्याशिवाय यावेळी जाऊ देणार नाही.